माझं डोकं, त्यांचा अभ्यास

मेंदूवरच्या संशोधनात ‘व्हॉलंटिअर’ व्हायचं म्हणजे नेमकं काय होतं? दुखतं का? पैसे मिळतात का? आणि शेवटी हातात काय पडतं? आठ तास स्वतःचं डोकं दुसऱ्यांच्या ताब्यात देऊन आलेल्या एका वर्धेकरणीचा हा अनुभव.

‘व्हॉलंटिअर’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. रक्तदान शिबिर, मॅरेथॉनला पाण्याचे ग्लास वाटणं, ऑफिसच्या ‘सीएसआर डे’ला रोपटं लावणं आणि रोपट्यापेक्षा आपणच जास्त दिसू असा फोटो काढणं... हे सगळं आपण केलेलं असतं. पण ‘मेंदूच्या अभ्यासासाठी व्हॉलंटिअर हवेत’ असं वाचलं, की वर गेलेला हात हळूच खाली येतो. साहजिकच आहे. किडनी कशा, दोन असतात. मेंदू एकच आणि आपला पगार त्याच्यावरच चाललेला!

मी जाऊन आले हे ऑफिसात कळलं, तेव्हा डबा उघडायच्या आत तीन प्रश्न आले. ‘दुखलं का गं?’ ‘किती दिले?’ आणि ‘रिपोर्टमध्ये काय निघालं?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं, ‘जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेल्या दिवसाचा थोडा मोबदला आणि दुपारचं जेवण’. तिसऱ्याचं उत्तर मात्र कॅन्टीनमध्ये देण्याइतकं छोटं नाही. म्हणून हा लेख.

मी कशाला गेले?

मी नोकरीला नागपुरात, घर वर्ध्यात. अंतर जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडायची आणि सोमवारी पहाटे परतायचं. (गाडी वर्धा स्टेशनला थांबते की सेवाग्रामला, हे बघूनच तिकीट काढायचं, हे वर्धेकरांना सांगावं लागत नाही.) घरी आई, बाबा आणि आजी.

आजीला गेली तीन वर्षं स्मृतिभ्रंश आहे. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग ती मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागली. आता कधी कधी नुसतीच बघत राहते आणि मग, पाहुण्याशी बोलावं तशा अदबीनं विचारते, ‘चहा घेता का?’

घरात असा पेशंट असला की एक वेगळाच खेळ सुरू होतो. बाबांचा चष्मा हरवला की घरात एक सेकंद शांतता पसरते. माझा एटीएमचा पिन डोक्यातून गेला तर पोटात गोळा येतो. गूगलवर रात्री दीड वाजता ‘हे आनुवंशिक असतं का’ असं टाइप करणारी मी एकटीच नसेन. खरं सांगायचं तर संशोधनाला मदत वगैरे नंतर. मला माझ्या डोक्यात डोकावून बघायचं होतं. फुकटात एमआरआय होतोय, एकदाचं कळून तरी जाईल, असा सरळ हिशेब.

तेव्हा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आजीचा नंबर लागायची वाट बघताना भिंतीवर नोटीस दिसली. स्मृतिभ्रंश असलेल्या पेशंटांचे निरोगी नातेवाईक अभ्यासासाठी हवे होते. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. अशा अभ्यासांत व्हॉलंटिअरच्या वाट्याला जे येतं, ते बहुतेक सगळीकडं सारखंच असतं, आणि सांगायचं आहे ते तेच.

आईचं मत अर्थातच वेगळं होतं. ‘कायले जाऊन राहिली वं तू? चांगल्या डोक्शाले मशीन कायले लावाचं?’

आधी कागद, मग मशीन

माझी अपेक्षा अशी, की गेलं की झोपवतील, मशीनमध्ये ढकलतील आणि विषय संपेल. प्रत्यक्षात पहिला पाऊण तास नुसता कागदावर गेला. आठ पानांचं माहितीपत्रक, मराठीत. आणि ते वाचून घ्यायची सक्ती. आपण ज्या पिढीचे आहोत ना, ती ‘आय ॲग्री’वर डोळे मिटून क्लिक करणारी. त्यामुळे समोर बसलेल्या कोऑर्डिनेटर ताईंनी ‘पान चारवर काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हटल्यावर मी शाळेत गेल्यासारखी सावरून बसले.

हा कागद कुणाच्या चांगुलपणातून आलेला नाही, त्यामागं बराच काळा इतिहास आहे. नाझी छावण्यांत कैद्यांवर डॉक्टरांनी केलेल्या प्रयोगांचा खटला चालला आणि १९४७ साली ‘न्यूरेंबर्ग संहिता’ आली. तिचं पहिलंच कलम म्हणजे माणसाची स्वखुशीची संमती. पुढं १९६४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा आला. आपल्याकडं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती २०१७ साली नव्यानं निघाली. कुठलाही अभ्यास सुरू होण्याआधी तो नैतिकता समितीपुढं जातो. या समितीत फक्त डॉक्टर नसतात. कायदा जाणणारी व्यक्ती असते आणि तुमच्याआमच्यासारखा एक सामान्य माणूसही असतो. अध्यक्ष तर त्या संस्थेच्या बाहेरचाच लागतो. मोबदला किती द्यायचा हेही हीच समिती बघते. फार कमी दिला तर तो अन्याय आणि फार जास्त दिला तर आमिष!

आठ पानांतलं एक वाक्य माझ्या अजून डोक्यात आहे. ‘तुम्ही कधीही, कोणतंही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. त्याचा तुमच्यावरच्या किंवा तुमच्या कुटुंबीयांवरच्या उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही.’ कारण न देता! आमच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला दोन कारणं आणि एक मेडिकल सर्टिफिकेट लागतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

केसांना तेल नको

पहिला नंबर ईईजीचा. आदल्या दिवशीच फोनवर सूचना आली होती की केस शाम्पूनं धुवा, तेल लावू नका. आमच्या घरात शुक्रवारी रात्री डोक्यावर तेल न थापता झोपणं म्हणजे बंडच. पण कारण साधं आहे. मेंदूतला विजेचा खेळ कवटी आणि कातडी पार करून वर येतो तेव्हा तो मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे एका व्होल्टच्या लाखो भागांत मोजण्याइतका क्षीण असतो. मध्ये तेलाचा थर आला की सिग्नल बिघडला.

डोक्याचं टेपनं माप घेतात, शिंप्याकडं घेतात तसं. पेन्सिलीनं खुणा करतात आणि थंडगार, चिकट पेस्ट लावून वायरी चिकटवतात. विजेचा झटका वगैरे काही बसत नाही. मशीन नुसतं ऐकतं, बोलत नाही. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. त्याला दिसलेली लाट मलाही पडद्यावर दाखवली. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला आठ ते तेरा वेळा हलणारी एक सुबक लाट उमटते, डोळे उघडले की ती विस्कटते. दात आवळले तर सगळा पडदा वेडावाकडा. ‘मनातलं कळतं का हो यातून?’ असं मी विचारलंच. रेसिडेंट डॉक्टर हसून म्हणाले, ‘मॅडम, एवढं कळत असतं तर मी आधी आमच्या सरांना बसवलं असतं.’

पेस्ट निघायला मात्र दोनदा शाम्पू लागतो. त्या संध्याकाळी लग्नाचं रिसेप्शन ठरवू नका.

बोअरवेलच्या शेजारी झोप

मग एमआरआय. इथं सगळं धातूचं उतरवायचं. कानातलं, चमकी, जोडवी, पिना, घड्याळ, बेल्ट, तार असलेले आतले कपडे. पाकीट बाहेर, कारण कार्डांची पट्टी पुसली जाऊ शकते. काजळ-मस्काराही पुसून टाकायला सांगतात, काहींत धातूचे कण असतात. पेसमेकर आहे का, कानात इम्प्लांट आहे का, दिवस गेलेत का, हे विचारतात. आणि लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलंय का, हेही. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचा फॉर्म वाचताहेत. पण डोळ्यात कधीकाळी लोखंडाचा बारीक कण गेला असेल, तर तो या चुंबकात हलू शकतो.

हॉस्पिटलांत नेहमी दिसणारं यंत्र दीड टेस्लाचं असतं. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट! आणि स्कॅन चालू नसतानाही हे चुंबक चालूच असतं, म्हणून दारावर एवढी झडती. आपल्या शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन. त्याच्या अणुकेंद्रकांना चुंबक शिस्तीत आणतं, रेडिओलहरी त्यांना डिवचतात आणि परत जागेवर येताना ती जो सिग्नल देतात, त्यातून चित्र तयार होतं. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. माझ्या अभ्यासात इंजेक्शनही नव्हतं, पण काही अभ्यासांत असतं. ते आधीच विचारून घ्यायचं.

आवाजाचं म्हणाल तर उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरवेल मारतात, ते ऐकलंय? तसंच, फक्त तालात. कानात बोळे, वर हेडफोन. नाकापासून वीतभर अंतरावर छत, खोलीत कडक एसी, आणि पाऊण तास हलायचं नाही. पाचव्या मिनिटाला नाकाचा शेंडा खाजतो, ही काळ्या दगडावरची रेघ! हातात रबरी फुगा देतात. घाबरलात, गुदमरलात तर दाबा, लगेच बाहेर काढतात. बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगा. त्यात लाज कसली? माझं म्हणाल तर विसाव्या मिनिटाला मला चक्क डुलकी लागली.

वाघ आठवेना!

मशीनपेक्षा दमवतात त्या कागद-पेन्सिलीच्या परीक्षा. आकडे उलटे म्हणा. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला, तुम्ही शब्द न वाचता रंग सांगायचा. एक गोष्ट ऐकवतात आणि अर्ध्या तासानं, तुम्ही गाफील असताना, परत विचारतात.

सगळ्यात भारी म्हणजे, ‘एका मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी सांगा’. वाटतं, हे काय, पोरखेळ! गाय, म्हैस, बकरी, कुत्रा, मांजर, हत्ती, उंट... आणि पुढं डोकं कोरं. जिल्ह्यात बोरसारखा व्याघ्र प्रकल्प, २०१४ पासून पाटीवर वाघ मिरवतोय, आणि या बाईला वाघ आठवेना! उरलेला वेळ माझ्या डोक्यात फक्त आजी होती. झालं, आपलीही सुरुवात झाली.

कोऑर्डिनेटर ताईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. ‘ही पास-नापासची परीक्षा नाही,’ त्या म्हणाल्या. ‘अवघड जावी म्हणूनच बनवली आहे. सगळ्यांना सगळं आलं तर आम्हाला काय कळणार?’ बरं, या परीक्षांचीही एक गंमत आहे. त्या मुळात शिकलेल्या लोकांसाठी बनल्या. ज्या बाईनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिला घड्याळ काढता आलं नाही तर तो स्मृतिभ्रंश का? म्हणून हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९०च्या दशकात, न शिकलेल्या माणसालाही न्याय मिळेल अशी हिंदी चाचणी तयार केली. माणसाला नापास करण्याआधी प्रश्नच तपासून घ्यायचे, ही कल्पना आमच्या अप्रेझलवाल्यांनाही कुणीतरी सांगा.

रिपोर्ट कुठाय?

आता तो तिसरा प्रश्न. संध्याकाळी निघताना मी विचारलं, ‘माझा रिपोर्ट कधी मिळेल?’ उत्तर माहितीपत्रकात पान पाचवर होतंच. मिळणार नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांचा विरस होतो. अभ्यासातला स्कॅन हा तुमच्या तब्येतीचा चेकअप नसतो. संशोधक तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधत नसतात, स्वतःच्या प्रश्नाचं शोधत असतात. तिथं तुम्ही अमुकतमुक मॅडम नसता. एक कोड नंबर असता, आलेखावरचा एक ठिपका असता. असे शेकडो ठिपके जमले की त्यातून काही आकार दिसला तर दिसतो.

अपवाद एकच. स्कॅनमध्ये योगायोगानं काही गडबड दिसली तर? काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या मेंदूचे एमआरआय तपासलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २.७ टक्के लोकांत, म्हणजे ३७ जणांमागे एकात, असं काहीतरी अनपेक्षित सापडलं होतं. त्यातलं सगळंच धोक्याचं नसतं. पण ‘असं काही दिसलं तर तुम्हाला कळवायचं का?’ हा प्रश्न फॉर्मवर असायला हवा. नसेल तर तुम्ही विचारा. आणि खूण करण्याआधी एक रात्र विचार करा. मी ‘हो’वर खूण केली होती. फोन आला नाही. म्हणजे सगळं आलबेल आहे असं नव्हे. फक्त बघणाऱ्याला वेगळं काही दिसलं नाही, एवढंच.

मग मला होणार का आजीसारखं? हा प्रश्न मी तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांना सरळ विचारला, आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं, की हा स्कॅन ते सांगू शकत नाही. एकाच जनुकातल्या दोषामुळे घराण्यात उतरणारे प्रकार फार दुर्मीळ. बाकी काही जनुकं धोका वाढवतात, निकाल देत नाहीत. उलट लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ साली अशा १४ गोष्टींची यादी दिली, ज्यांच्यावर काम केलं तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, कमी ऐकू येणं, एकटेपणा, प्रदूषण... आणि डोक्याला मार लागणं. थोडक्यात, रात्री दीडला गूगल करण्यापेक्षा सकाळी हेल्मेट घालणं माझ्या मेंदूच्या जास्त कामाचं आहे.

एकशे नव्वद माणसं

‘मग तुला काय मिळालं?’ असं मैत्रीण म्हणाली. त्यावर एक सेवाग्रामचीच गोष्ट सांगते.

वर्ध्याला ‘प्रयोग’ हा शब्द परका नाही. १९३६ साली गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले, १९४० मध्ये त्याच गावाचं सेवाग्राम झालं. आहाराचे, मातीच्या पट्ट्यांचे प्रयोग ते आधी स्वतःवर करत. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी हाच शब्द ठेवला. त्याच गावात गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज उभं केलं. तिथले विद्यार्थी खादी वापरतात आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेऊन तिथं राहून येते.

तर तिथल्या डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजाराबद्दल, म्हणजे मेनिंजायटिसबद्दल एक साधा प्रश्न विचारला. मान ताठ झाली की मेनिंजायटिस, मान वाकते म्हणजे नाही, असं जगभरच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. ते खरं आहे का? हॉस्पिटलात आलेल्या १९० संशयित रुग्णांची मान आणि पाय डॉक्टरांनी वाकवून बघितले, आणि मग पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून खरं काय ते ताडून पाहिलं. ९९ जणांना मेनिंजायटिस निघाला. आणि मानेवरून खात्रीनं ‘आहे’ही म्हणता येत नाही, ‘नाही’ही म्हणता येत नाही, असं दिसलं. २०१० साली तो निबंध छापून आला.

त्या १९० जणांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि तो निबंध त्यांनी वाचला असण्याचीही शक्यता कमीच. पण आज कुठल्या तरी दूरच्या शहरातला डॉक्टर ‘मान वाकतेय ना, मग घरी जा’ असं म्हणण्याआधी थबकत असेल, तर त्यात वर्ध्याच्या त्या माणसांचा वाटा आहे. तसंच आजीच्या आजाराचं. भारतात साठीपुढच्या १०० जणांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली छापून आला. तो चार हजारांवर ज्येष्ठांच्या तपासण्यांवर उभा आहे. घरी आलेल्या अनोळखी माणसापुढं बसून कुणाच्या तरी आजीनं आकडे उलटे म्हणायचा प्रयत्न केला, म्हणून सरकारला आज एक आकडा सांगता येतो.

आजीचं ‘नको’

त्याच अभ्यासात आजीलाही घ्यावं, असं त्यांनी सुचवलं. छोटी स्मरणचाचणी आणि ईईजी, बस. आजी स्वतः कागद समजून घेऊ शकत नाही, म्हणून तिच्या वतीनं बाबांनी सही करायची. बाबा लगेच तयार.

मेंदू-संशोधनातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाची गोष्ट मला त्या वेळी आठवली. हेन्री मोलेसन, अमेरिकन. फिट थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूचा काही भाग काढला, आणि तेव्हापासून नवीन काही लक्षातच राहीना. २००८ मध्ये वारला तोवर अर्धशतक शास्त्रज्ञ त्याची चाचणी घेत राहिले. स्मरणशक्तीबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं कितीतरी त्याच्यामुळे. पण काल आपण कशाला ‘हो’ म्हटलं, हे त्याला आज आठवत नसे. अशा माणसाला विचारायचं तरी कसं?

आमच्याकडं असं घडलं. कोऑर्डिनेटर ताई घरी आल्या. खुर्ची न घेता आजीच्या बाजेवरच टेकल्या. मी आणलेला गोरसपाक आजीनं त्यांच्यापुढं सरकवला. पहिले दोन प्रश्न मजेत गेले. मग ताईंनी पिशवीतून ईईजीच्या टोपीचा फोटो काढून दाखवला. आजीनं तो निरखून बघितला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

‘नको बाप्पा. मले नाई लावाचं हे डोक्शाले.’

‘अवं माय, काई दुखत नाई,’ बाबा म्हणाले.

‘नाई म्हटलं ना!’

ताईंनी फाइल मिटली. बाबा गडबडले. ‘पण मी सही केली ना?’

‘काका, तुमची सही आजींना विचारायला पुरते,’ त्या म्हणाल्या, ‘त्यांना बसवून ठेवायला नाही.’ गोरसपाक संपवून, आजीला नमस्कार करून त्या गेल्या. एवढ्या लांब येऊन, रिकाम्या हातानं.

मी कितीतरी वेळ तिथंच बसून होते. गेल्या तीन वर्षांत आजीला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. डॉक्टर आम्हाला विचारतात, ‘जेवतात का? झोपतात का?’ आम्ही तिच्या देखत तिच्याबद्दल बोलतो. साडी आम्ही ठरवतो, चॅनेल आम्ही ठरवतो, आंघोळीची वेळ आम्ही ठरवतो. सगळं तिच्या भल्यासाठी, प्रेमानंच. पण त्या दिवशी एका परक्या बाईनं तिला विचारलं, आणि तिनं दिलेलं उत्तर उत्तर म्हणून घेतलं.

आता आम्ही विचारतो. आंघोळ आता का नंतर? हिरवं लुगडं का निळं? दहातल्या सहा वेळा ती नुसतीच बघते. चार वेळा सांगते. एमआरआयमधून मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही, पण हे कळलं. आणि ते आजी असेपर्यंत रोज उपयोगी पडणारं आहे.

जाण्याआधी हे विचाराच

* नैतिकता समितीची मान्यता आहे का? तिचा फोन नंबर माहितीपत्रकावर आहे का?
* नुसतं निरीक्षण आहे, की औषध देऊन बघणार? औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ती नोंदलेली असलीच पाहिजे. १५ जून २००९ पासून हे बंधनकारक आहे आणि ती यादी कुणालाही बघता येते.
* माझी माहिती, रक्त, स्कॅन कुणाकडं राहणार, किती वर्षं? पुढं दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का?
* इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार?
* काही अनपेक्षित दिसलं तर कोण, कसं कळवणार?
* किती वेळ, किती फेऱ्या? (माझे आठ तास गेले, ऑफिसला पूर्ण दिवसाची रजा टाकावी लागली.)
* आदल्या रात्री नीट झोपा. चहा-कॉफीचं विचारून घ्या. आणि चाचण्या आधी नेटवर शोधून पाठ करू नका. तुम्ही हुशार ठराल, अभ्यास बिघडेल.

आणि या सगळ्यानंतरही मन मानत नसेल, तर ‘नाही’ म्हणा. कारण द्यायची गरज नाही.

मला दोन वर्षांनी परत बोलावलंय. मी जाणार आहे. या वेळी रिपोर्टची अपेक्षा न ठेवता, केस धुऊन, वाघ-बिबट्या-अस्वल असे झाडून सगळे प्राणी घोकून जाईन म्हटलं, तर ताई म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी प्राणी नाही, दुसरं काहीतरी विचारू.’ काय ते मात्र सांगितलं नाही.